दाणा, द्रावक आणि डिंक

सेलू तालुक्यातल्या हिंगणीची ओळख आता बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचे गाव अशी झाली आहे. २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि वाघ बघायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. या पाहुण्यांना जंगलाआधी शिवार लागते, पण ते बघायला कोणी आलेले नसते. प्रस्तुत लेख त्या शिवाराबद्दल, आणि खरे तर त्यातल्या एका पिवळसर दाण्याबद्दल आहे. दसरा ते दिवाळी या दिवसांत वर्धा जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीनची मळणी चालू असते. कुटाराची धूळ उडत असतानाच दाणा पोत्यात पडतो, आणि सण तोंडावर, उसनवारी डोक्यावर, म्हणून बहुतेक पोती लगोलग बाजार समितीची वाट धरतात. तूर निघाली की वर्षभराच्या डाळीपुरती घरात राहते. सोयाबीन घरात राहिलेच तर ते बियाण्यापुरते.

या व्यवहारातला विरोधाभास समजायला थोडा हिशेब करावा लागतो. एका क्विंटल सोयाबीनमध्ये ३६ ते ४० किलो प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत हे प्रमाण शेकडा २२ च्या आसपास. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेबारा ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे कोष्टक सांगते. म्हणजे कागदावर पाहिले तर एका पोत्यात एका लहान मुलाची आठ वर्षांची प्रथिने भरलेली असतात. २०२४-२५ च्या हंगामात या पोत्याची आधारभूत किंमत ४,८९२ रुपये होती. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी, तर ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. खुजेपणाचे कारण केवळ प्रथिनांचा तुटवडा नसतो. आईचे आरोग्य, हगवण, पाणी, लोह, एकूण उष्मांक हे सगळे त्यात येते. तरीही जो दाणा अंगणात वाळतो तो अंगणवाडीतल्या मुलापर्यंत पोहोचतो कसा, आणि मध्ये त्याचे काय होते, हे विचारण्यासारखे आहे.

आहारावरच्या लेखांत सहसा न येणाऱ्या दोन वस्तू या प्रवासात भेटतात. एक द्रावक, म्हणजे सॉल्व्हंट. दुसरा औद्योगिक डिंक, म्हणजे ज्याला कारखान्यात ॲढेसिव्ह आणि रस्त्यावर ‘सोल्युशन’ म्हणतात तो. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक आणि हा डिंक यांना मराठीत एकच शब्द आहे, ही भाषेची गंमत. दोन्ही मुलांच्या पोषणाशी जोडलेले निघावेत, ही मात्र गंमत नाही.

सोयाबीन विदर्भात नवे, असा समज आहे. लागवडीच्या बाबतीत तो बरोबर आहे. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने हे पीक मध्य भारतात रुजवले, आणि तिथून ते कपाशीच्या मुलखात पसरले. पण ताटात ते त्याआधीच आले होते, आणि तेही वर्ध्यातच. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत त्याचे ठाणे होते आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. गांधीजी सेगावला जाण्याआधी मगनवाडीतच राहत. हातसडीचे तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, पालेभाजी यांच्याबरोबर १९३५ च्या शरद ऋतूत तिथल्या जेवणात सोयाबीन आले, आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर टिपणे छापली गेली. त्या सुमारास बडोदे संस्थानात सोयाबीनचा मोठा पुरस्कार चालला होता. संस्थानाचे अन्न सर्वेक्षण अधिकारी एफ. एस. काळे यांनी त्यावर १९३६ साली जाडजूड इंग्रजी पुस्तकच लिहिले. गरिबाला दूध-डाळ परवडत नाही, तर हे धान्य तिची जागा घेईल का, हा मगनवाडीतला प्रश्न होता. नव्वद वर्षांनंतरही तो तसाच आहे. फरक इतकाच की तेव्हा सोयाबीन बाहेरून आणावे लागे आणि आता ते दारात आहे.

मगनवाडीने आणखी एक गोष्ट दिली. तेलाच्या पारंपरिक घाण्यात सुधारणा करून तिथे जो घाणा तयार झाला, तो पुढे ‘वर्धा घाणा’ म्हणून देशभर ओळखला गेला. तीळ, भुईमूग, जवस, करडई यांना तो मानवतो, कारण त्यांच्या दाण्यात तेल भरपूर. सोयाबीनमध्ये तेल शेकडा १८ ते २०. ते प्रथिनांच्या घट्ट विणीत अडकलेले असते, आणि घाण्याच्या दाबाला पुरते वश होत नाही. पोलादी स्क्रू-प्रेसने पिळले तरी पेंडीत शेकडा पाच-सहा तेल उरते. हे उरलेले तेल काढण्यासाठी जे लागते ते म्हणजे हेक्झेन. ग्रामोद्योगाच्या राजधानीत सोयाबीन पिकू लागले, पण ग्रामोद्योगाचे यंत्र त्याच्यापुढे अपुरे पडले. त्या एका तांत्रिक अडचणीमुळे हिंगणीचा दाणा गावाबाहेर जातो, असे मला वाटते. बाजारभाव, दलाल, सवयी ही कारणे खरी आहेतच, पण ती तिच्यानंतरची.

हेक्झेन हे पेट्रोलचेच भावंड. पातळ, रंगहीन, ६९ अंश सेल्सिअसला उकळणारे. सोयाबीन फोडून, वाफेने मऊ करून, त्याचे पातळ पापुद्रे लाटतात आणि त्यांवर कोमट हेक्झेनचा सतत फवारा सोडतात. तेल त्यात विरघळून खाली येते. मग तेल-हेक्झेनचे मिश्रण तापवून हेक्झेन उडवायचे, थंड करून परत वापरायचे. पापुद्र्यांत मुरलेले हेक्झेन वाफेने हुसकावायचे आणि त्याच भांड्यात पेंड भाजून काढायची. पेंडीत आता तेल शेकडा एकाहून कमी उरते. तिचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जातो. निवडक, स्वच्छ पेंडीचे पीठ होते, आणि त्या पिठापासून किराणा दुकानातल्या सोया वड्या. त्यांत प्रथिने शेकडा पन्नासच्या वर.

ही भाजणी महत्त्वाची आहे, आणि तिचा संबंध दाण्याच्या अंगच्या दोषाशी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे प्रथिन असते. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटते आणि तेच शिजवून दिले की ती सुरू होते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन संशोधकांनी १९१७ सालीच दाखवले होते. निसर्गाने दिले म्हणून निर्धोक, हा समज विदर्भाला तरी परवडणारा नाही. लाखोळीची डाळ इथे सर्वांच्या माहितीची आहे. दुष्काळात महिनोन्महिने नुसती तीच खाणाऱ्यांचे पाय ताठरतात आणि ते कायमचे अपंग होतात. सोयाबीनचा दोष तितका भयंकर नाही, आणि उष्णतेने तो जातो. पण अर्धेकच्चे सोयाबीन मुलाला देणे म्हणजे प्रथिने एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे.

आता हेक्झेनची भीती. पिठात ते उरते का? उरते, अत्यल्प. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत द्रावकाने काढलेल्या सोया पिठासाठी दशलक्ष भागांत १० भाग आणि शुद्ध केलेल्या तेलासाठी ५ भाग ही मर्यादा आहे. मुलाने दिवसाला २५ ग्रॅम पीठ खाल्ले आणि ते मर्यादेच्या काठावरचे असले, तरी पोटात पाव मिलिग्रॅम हेक्झेन जाईल. शिजवताना त्यातलेही काही उडेल. आता त्या गिरणीतल्या कामगाराकडे पाहू. हवेतल्या हेक्झेनसाठी अमेरिकन औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची मर्यादा दशलक्षांत ५० भाग, म्हणजे घनमीटरला सुमारे १७६ मिलिग्रॅम आहे. पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा श्वासात घेतो. मर्यादा तंतोतंत पाळली तरी साडेसतराशे मिलिग्रॅम त्याच्या फुप्फुसांसमोरून जाते. मुलाच्या वाट्याच्या सात हजार पट. पोट आणि फुप्फुस यांची तुलना ढोबळच, आणि दोघांची वजनेही वेगळी, पण धोका कोणाच्या वाट्याला किती हे त्यातून दिसते. ‘सोया वड्यांत रसायन असते’ म्हणून मुलाच्या ताटातून त्या काढणारे सुशिक्षित पालक मी पाहिले आहेत. त्या गिरणीत पंखे चालतात का, हे विचारणारा त्यांच्यात कोणी भेटला नाही.

हेक्झेनचा पहिला स्वभाव भडकण्याचा. हवेत शेकडा एकाहून थोडे जास्त झाले की ठिणगीची वाट. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून ती वर उडून जात नाही. जमिनीलगत वाहते, खड्ड्यात, गटारात साचते. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात एका सोयाबीन कारखान्यातले हेक्झेन सांडपाण्याच्या भुयारी नाल्यात गेले. पहाटे कामावर निघालेल्या दोन बायकांची मोटार रस्त्यावरून जात असताना ठिणगी पडली आणि दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते फुटून वर आले. पहाट होती म्हणून माणसे वाचली. वाफ जड असते हे एकदा लक्षात घेतले की बाकीचे नियम आपोआप समजतात. वारा खेळता हवा तो गुडघ्याखाली, केवळ छताजवळचा पंखा पुरत नाही. टाक्या आणि नळ्यांना जमिनीशी तार जोडायची, कारण वाहत्या हेक्झेनमध्ये स्थिर वीज साचते. पान्हे-हातोडे ठिणगी न पाडणाऱ्या धातूचे असावेत, आणि मोबाइल दारातच ठेवावा.

दुसरा स्वभाव संथ आणि म्हणून अधिक घातकी. १९६० च्या दशकात जपानमध्ये घराघरांत व्हिनाइलच्या चपला चिकटवण्याचे काम चाले. डिंक पातळ ठेवायला त्यात हेक्झेन असे. लहान खोल्या, थंडीत बंद खिडक्या. काही महिन्यांत काम करणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरपणा, मग पायातून चप्पल निसटणे, उकिडवे बसल्यावर उठता न येणे. शरीरात हेक्झेनचे रूपांतर होऊन तयार होणारा पदार्थ लांब मज्जातंतूंना टोकाकडून इजा करतो. काम थांबवल्यावरही काही आठवडे दुखणे वाढतच राहते, आणि सुधारायला महिने, कधी वर्षे लागतात. इटलीतल्या पादत्राण कामगारांत हेच आढळले. चीनमध्ये सुझौ शहरातल्या एका कारखान्यात २००९ साली टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणले, कारण ते लवकर वाळते. शंभरावर कामगार रुग्णालयात गेले. आपल्याकडे अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला मधुमेह आहे का, बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे का हे तपासतात, आणि ते योग्यच आहे. ‘काम काय करता?’ हा प्रश्न मात्र राहून जातो.

जपानच्या उदाहरणात कारखाना म्हणजे घरच होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने मोलाची. चपला, पर्स, रेक्झिन, सायकलचे पंक्चर, फर्निचरचे सनमायका ही कामे आपल्याकडेही घरात आणि ओसरीवर होतात. जिथे डिंकाचा डबा उघडा असतो तिथेच मूल जेवते. अशा डिंकात हेक्झेन असेल किंवा टोल्युइन असेल. पूर्वी बेन्झीन असे, आणि इस्तंबूलच्या चांभारकामगारांत त्याने रक्ताचा कर्करोग झाल्याचे मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात जगापुढे मांडले. काळजी साधी आहे. डबा वापरापुरता उघडायचा. काम दाराशी, वाऱ्यात करायचे. हात थिनरने धुवायचे नाहीत, साबणाने किंवा आधी गोडेतेल चोळून धुवायचे. पातळ रबरी हातमोजातून हेक्झेन आरपार जाते, नायट्राइलचा मोजा बरा. डिंक, थिनर, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरायचे नाही. आणि मुलाने चुकून प्यालेच, तर उलटी करवायची नाही. मीठपाणी पाजून उलटी काढण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे तीच जीवघेणी ठरते, कारण उलटीबरोबर हे द्रव फुप्फुसात उतरते. मूल तसेच उचलून, बाटलीसकट, दवाखान्यात न्यायचे.

गिरणीतल्या रसायनांत आणखी एक प्रकार असतो, ज्याची चर्चा अभियंत्यांबाहेर होत नाही. बॉयलर, टाक्या, नळ्या यांच्या वेल्डिंगमध्ये केसासारखी भेग आहे का हे पाहायला ‘डीपी टेस्ट’ करतात. तीन फवारे लागतात. एकाने जागा स्वच्छ करायची, दुसऱ्याने लाल रंग मारून तो भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसायचा, आणि तिसऱ्याने पांढरी भुकटी उडवायची. भेग असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पाहायला सुंदर, पण हे तिन्ही फवारे ज्वालाग्राही असू शकतात आणि काम बरेचदा टाकीच्या पोटात असते, म्हणून आधी टाकीतली हवा तपासायची, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, आणि मगच आत उतरायचे. जिथे अन्न लागते त्या पृष्ठभागावर तपासणीनंतर द्रावक, मग साबण, मग गरम पाणी, या क्रमाने धुतले पाहिजे. इथे एक मेख आहे. जी भेग रंगाने दाखवली, तीच रंग धरून ठेवते. वरून चकाचक पुसलेली टाकी उत्पादन सुरू झाल्यावर तो हळूहळू सोडू शकते. त्यामुळे भेग सापडली की ती घासून काढून पुन्हा वेल्ड करणे ही यंत्राच्या मजबुतीइतकीच अन्नशुद्धीचीही बाब ठरते.

पीठ तयार झाले की ते पाकिटात जाते. पोषण आहाराचे पाकीट हाताला एक वाटते, पण ते दोन-तीन पापुद्र्यांचे असते. बाहेर छापील पॉलिएस्टर, आत पॉलिथिन, मध्ये कधी चंदेरी थर, आणि त्यांना जोडणारा डिंक. हा बहुधा दोन भागांचा पॉलियुरेथेन असतो. मूळ डिंक आणि हार्डनर प्रमाणात मिसळतात, आणि चिकटवलेली गुंडाळी काही दिवस उबदार खोलीत पिकू देतात. या पिकण्याला पर्याय नाही. प्रमाण चुकले किंवा मागणी निकडीची म्हणून गुंडाळी लवकर कापली, तर हार्डनरचे न जुळलेले रेणू आतल्या पॉलिथिनमधून पाझरतात आणि ओलाव्याशी मिळून ॲरोमॅटिक अमाइन या वर्गातली संयुगे बनतात. त्यांतल्या काहींवर कर्करोगाचा संशय आहे. युरोपात अन्नाच्या एका किलोत त्यांचा शंभरावा मिलिग्रॅमही चालत नाही. आपल्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांवर किलोला ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायलाही मनाई केली आहे. वेष्टनातून अन्नात काय उतरते याचा धडा २००५ साली इटलीत मिळाला. छपाईच्या शाईतला एक घटक बाळांच्या दुधात सापडला आणि कोट्यवधी लिटर दूध जप्त करावे लागले. दुधात दोष नव्हता, गाईत नव्हता, दुग्धालयातही नव्हता.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने पुरवावीत, हा २०१३ च्या कायद्याने घातलेला दंडक होता. हे अन्न पाकिटातून द्यावे की ताजे शिजवून, ठेकेदाराने करावे की बचत गटाने, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे भांडणे झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. माझा कल ताज्या अन्नाकडे आहे, पण पाकिटाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेल न काढलेले सोया पीठ महिन्या-दोन महिन्यांत खवट होते, आणि पावसाळ्यात ओल लागली तर त्यात बुरशी धरते. तेल काढलेले पीठ चांगल्या पाकिटात टिकते. द्रावक आणि डिंक उगाच आलेले नाहीत. अन्न दूरवर न्यायचे आणि दीर्घकाळ ठेवायचे, तर त्यांची मदत घ्यावी लागते. हिंगणीचा दाणा हिंगणीतच खायचा असेल, तर त्या दोघांचीही गरज पडत नाही.

त्यासाठी काय लागते? पहिली अट बियाण्याची. घरात उरलेले सोयाबीन बहुधा पेरणीतून शिल्लक राहिलेले असते आणि त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. लाल-गुलाबी झाक असलेला दाणा कितीही धुतला तरी खाण्याचा नाही. कोंबड्यांनाही नाही. खाण्याचे सोयाबीन मळणीच्याच दिवशी वेगळ्या डब्यात काढून ठेवावे. मग ते निवडून, धुऊन थेट खळखळत्या पाण्यात टाकावे आणि अर्धा तास उकळावे. थंड पाण्यात टाकून तापवत नेले तर दाण्यातले एक विकर जागे होते आणि तो ओळखीचा उग्र वास येतो. लोक सोयाबीनला नाक मुरडतात ते यामुळेच. उकळत्या पाण्यात ते विकर लगेच निकामी होते, आणि अर्ध्या तासात ट्रिप्सिन अडवणारे प्रथिनही बहुतांश जाते. पाणी ओतून द्यावे, चोळून साले काढावीत, दोन दिवस कडक उन्हात वाळवावे, मंद भाजावे. नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळले तर पोळीची चव फारशी बदलत नाही आणि प्रथिने शेकडा तीनेक गुणांनी वाढतात. लहान मुलाला पहिल्यांदा चिमूटभर द्यावे आणि अंगावर पुरळ, उलटी असे काही होते का पाहावे, कारण काहींना सोयाबीनची वावडी असते. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर त्या जेवणातले लोह अंगी लागते. अंडे, दूध, पालेभाजी यांची जागा सोयाबीन घेत नाही, ते त्यांच्या शेजारी बसते.

एवढे करून पिशवी गिरणीत नेली की तिथे शेवटची अडचण येते. नुसते सोयाबीन टाकले तर त्यातल्या तेलाने जात्याचे दगड माखतात आणि टाके बुजतात, म्हणून चक्कीवाला नकार देतो. त्याला आधीच सांगावे की ते गव्हात कालवून आणले आहे, आणि पिशवी ज्वारीच्या दळणाआधी लावावी. दगडाला काही लागले असेल तर मागून येणारी ज्वारी ते पुसून नेते.